चंदगडचा उतार

हिंदुराव नानांनी मला पास केलं त्या दिवशी मी प्रशिक्षण केंद्राच्या आवारात गाडीत बसून पोटभर रडले. पंचेचाळिशी उलटलेली बाई, पेशाने वैमानिक, आणि शाळकरी पोरीसारखे हुंदके. वॉचमन काचेवर टकटक करून पाणी हवं का विचारून गेला. पण नानांचं 'पास' म्हणजे काय चीज असते हे ज्याला माहीत आहे, तो मला हसणार नाही. हवाईदलातून निवृत्त झालेल्या या हिंदुराव शिंत्र्यांनी सख्ख्या पुतण्याला इतक्या वेळा नापास केलं, की तो विमानाचा नाद सोडून हॉटेलच्या धंद्यात शिरला. भाऊबंदकीत त्यावरून आजही धुसफूस चालते. नाना म्हणतात, "हॉटेलात भाजी करपली तर माणसं मरत न्हाईत."

मला उडायला शिकवलं ते नानांनीच. स्वच्छ हवेत विमान कुणीही उडवेल. नानांची खरी विद्या ढगातली. खिडकीबाहेर पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही, कान सांगतो आपण वळतोय, पोट सांगतं आपण पडतोय, आणि दोघंही साफ खोटं बोलत असतात. अशा वेळी समोरच्या काट्यांवर भरवसा ठेवून एकेक पायरी खाली यायचं. अमुक ठिकाण ओलांडेपर्यंत अमुक उंचीच्या खाली जायचं नाही, ते ओलांडलं की पुढची पायरी. शेवटच्या पायरीला मिनिमम म्हणतात. तिथवर धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाही दिसली तर मुकाट्याने पुन्हा वर जायचं. उतरायला कधी लागायचं यासाठी नाना आम्हाला तीनाचा पाढा म्हणायला लावत. दर हजार फुटांना तीन मैल. सहा हजार फूट खाली यायचंय? तीन सक अठरा, म्हणजे अठरा मैल आधी नाक खाली.

या सगळ्याच्या बुडाशी एक गंमत आहे. उंची दाखवणाऱ्या त्या अल्टिमीटरला उंची कळतच नाही. त्याला कळतो फक्त हवेचा दाब. वर असताना सगळी विमानं १०१३ हा एकच ठरीव आकडा लावून उडतात. खाली येताना मात्र तिथला त्या दिवसाचा दाब एक नॉब फिरवून लावावा लागतो. समजा समुद्रावर कमी दाबाचा पट्टा आहे, खाली दाब ९९९ आहे आणि तुम्ही १०१३ वरच राहिलात. मग काटा बत्तीसशे फूट दाखवत असतो आणि तुम्ही असता त्याहून जवळपास चारशे फूट खाली. चारशे फुटांत डोंगर बसतो. म्हणून तो नॉब फिरवताना नाना आम्हाला आकडा मोठ्याने ओरडायला लावायचे. जो ओरडला नाही तो नापास, मग पुढचं उड्डाण कितीही देखणं असो.

तीन वर्षांपूर्वी माझ्या आतल्या कानाला संसर्ग झाला. रोगाचं नाव लांबलचक आहे, अर्थ इतकाच की मान खाली घातली की घर फिरायला लागायचं. रुग्णविमान चालवणारी मी, दोन वर्षं भिंत धरून संडासला जात होते. औषधांनी, व्यायामांनी चक्कर गेली. पण डॉक्टरांनी "मान झटकन खाली करू नका" असं इतक्यांदा बजावलं होतं की ते अंगात मुरलं. जमिनीवर पडलेली वस्तू मी आजही गुडघे वाकवून, मान ताठ ठेवून उचलते.

परत उडायचं तर एक परीक्षा द्यायची होती, 'उघडा उतार'. हल्ली कुणीही भुरटा चार पैशांचं यंत्र आणून उपग्रहाचे संदेश बिघडवू शकतो. शिवाय आमच्या विमानांतून दुसरा वैमानिक गेला, उजवीकडची खुर्ची रिकामी असते आणि त्याचं काम यंत्र करतं. ते यंत्र उपग्रहावर चालतं, उपग्रह गेला की ते ठार आंधळं. म्हणून सरकारने नियम केला, की दर वैमानिकाने उपग्रहाविना, जुन्या पद्धतीने, ढगातून उतरून दाखवायचं. आमच्या कोल्हापूरच्या केंद्रात ही परीक्षा सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये होते, आणि पडद्यावर चंदगडची नवी धावपट्टी असते, कारण तिच्या अलीकडे नेमकी एक टेकडी आडवी पसरली आहे. टेकडी एकोणतीसशे फूट, ती ओलांडेपर्यंत बत्तीसशेच्या खाली यायचं नाही. ओलांडली की मिनिममपर्यंत उतरायचं. वाचायला सोपं आहे.

चार महिने मी सराव केला. सुरुवातीला हात कापायचे. मग हळूहळू जमायला लागलं, मग छान जमायला लागलं. नाना मागच्या खुर्चीत बसून बघायचे आणि म्हणायचे, "वैजू, तुझा हात परत आला बघ." या वाक्यावर मी आठवडा काढायची. परीक्षेच्या दिवशी उतार असा बेतशीर झाला की नानांनी माझ्या पाठीवर थाप मारली. अशी थाप त्यांनी यापूर्वी कधी मारली नव्हती, आणि तेव्हाच माझ्या मनात काहीतरी यायला हवं होतं.

घरी धैर्यशीलने, माझ्या नवऱ्याने, गल्लीभर पेढे वाटले. कंपनीने सोमवारचं उड्डाण माझ्या नावावर लावलं. चंदगडहून हृदयाचा एक रुग्ण पुण्याला न्यायचा होता.

शुक्रवारी दुपारी केंद्रातून अफरीनचा फोन आला. अफरीन मुल्ला तिथली इंजिनिअर, सिम्युलेटरची सगळी तब्येत तीच सांभाळते.

"मॅडम, कॉलेजची पोरं आलीत बघायला. एक उतार करून दाखवाल का? तुमचा फार देखणा होतो."

कौतुक कुणाला आवडत नाही? गेले. सिम्युलेटरमध्ये सगळ्यांनाच घालावी लागते ती तारांची टोपी डोक्यावर चढवली, कॉकपिटमध्ये बसले, मागे दहाबारा पोरंपोरी दाटीने उभी. ढग घट्ट, दाब ९९९. मी तीनाचा पाढा मोठ्याने म्हणून दाखवला, पोरं हसली. एकेक पायरी उतरले, टेकडी ओलांडली, मिनिममच्या थोडं आधी ढग फाटले आणि धावपट्टी समोर हजर. टाळ्या झाल्या. अफरीन पोरांना घेऊन चहाला गेली.

मी एकटीच सगळं बंद करत होते. शेवटचा दिवा घालवायला मान सावकाश खाली केली आणि नजर उजव्या गुडघ्याजवळच्या त्या नॉबवर गेली. त्याच्या खिडकीत आकडा होता १०१३.

मी नॉब फिरवलाच नव्हता.

सुरुवातीला वाटलं, आकडा बंद करताना आपोआप मागे जात असेल. पण तसं होत नाही हे मला पक्कं माहीत होतं. मग मी हिशेब केला. काटा बत्तीसशे, प्रत्यक्षात अठ्ठावीसशे, आणि टेकडी एकोणतीसशे. मी टेकडीच्या पोटात असायला हवी होते. त्याऐवजी मी टाळ्या घेतल्या होत्या. 

मी यंत्र पुन्हा सुरू केलं. या वेळी मुद्दाम, डोळे उघडे ठेवून, नॉब १०३० वर नेला. कुठल्याही शहाण्या जगात मी टेकडीपर्यंतही पोचले नसते, अलीकडच्या काजूच्या बागेतच माझा निकाल लागला असता. मी पायऱ्या उतरले. काजूच्या बागा गेल्या, टेकडी गेली, ढग फाटले. धावपट्टी समोर, अगदी मधोमध. आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणतात. इथं देव कोण आहे ते मला बघायचं होतं.

अफरीन परत आली तेव्हा मी तिथंच बसून होते.

"अफरीन, मी दाब लावला नव्हता. तरी उतरले."

ती सहज म्हणाली, "हां, सांभाळनं घेतलं असेल."

"कशानं?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "मॅडम... तुम्हाला नानांनी सांगितलं नाही?"

मग तिने सांगितलं. बिचारी आधी फार आढेवेढे घेत होती, पण एकदा यंत्राविषयी बोलायला लागली की तिला राहवत नाही. आपल्या हातून चूक झाल्याचं आपल्याला कळण्याच्या आधी मेंदूला कळतं. पाव सेकंदाच्या आत एक बारीकशी लहर उठते. डोक्यावरची टोपी ती लहर पकडते. शिकणाऱ्याने सातातून एकदा चुकावं, त्याहून जास्त चुकला तर तो खचतो, कमी चुकला तर शिकत नाही, असं संशोधनातून दिसलं. म्हणून नव्या सिम्युलेटरमध्ये 'सांभाळ' आला. तुम्ही फार चुकायला लागलात की सिम्युलेटर तुम्हाला न कळेल इतपत जग वाकवतो. वारा थोडा कमी करतो, टेकडी थोडी बसवतो, हवेचा दाब तुमच्या चुकीच्या आकड्याशी जुळवून घेतो.

"आणि मला कळत कसं नाही?"

"तेच तर त्याचं कसब आहे. तुमचं लक्ष कुठं नाही ते टोपीला कळतं. जिथं लक्ष नाही तिथंच तो जग वाकवतो."

"आत्ता मी मुद्दाम चूक केली. लक्ष होतं माझं."

अफरीन विचारात पडली. मग म्हणाली, "मुद्दाम केली म्हणून मेंदूला चूक वाटलीच नाही. लहर उठली नाही. त्यानं धरलं की तुम्हाला चुकीचा पत्ताच नाही, आणि जग वाकवलं."

मला हसू आलं, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं. मी विचारलं, "परीक्षेला तो चालू असतो?"

"नाही नाही! परीक्षेला शून्यावरच. नियम आहे तसा. सरावात पण हळूहळू खाली आणत न्यायचा, पोराच्या सायकलची बाजूची चाकं काढतो तसा. शून्यावर आणायचा खटका परीक्षकाच्या हातात असतो." ती थांबली. "बाकी सगळे शून्यावरच पास झालेत, मॅडम. तुमच्याच नावापुढं नानांनी तो वर ठेवायला सांगितलाय. परीक्षेला पण. मला वाटलं तुमचं दोघांचं बोलणं झालंय."

मी तिला काही बोलले नाही. तिचा काय दोष? गाडीत बसले. या वेळी रडू आलं नाही, नुसता संताप. चार महिने मी जे जे उतरले होते, ते उतरलेच नव्हते. प्रत्येक वेळी जमीन माझ्यासाठी खाली सरकली होती. आणि वाईट म्हणजे, मान खाली घालायची टाळाटाळ म्हणून मी नॉबकडे बघणंच सोडून दिलं होतं. ही खोड मला आजारानंतर लागली होती. साध्या सिम्युलेटरवर पहिल्याच दिवशी मी टेकडीवर आदळले असते, चार शिव्या खाल्ल्या असत्या आणि खोड तिथंच मोडली असती. यांनी ती चार महिने दूध पाजून वाढवली. सोमवारी खरा ढग, खरी टेकडी, मागे स्ट्रेचरवर खरा माणूस, आणि मी १०१३ वर.

धैर्यशीलची शिरोलीत फाउंड्री आहे. घरी न जाता मी थेट तिथं गेले. तो साच्यांजवळ उभा होता. माझं तोंड बघून त्याने हातमोजे काढले. माझ्या तोंडून 'सांभाळ' हा शब्द निघाला मात्र, त्याने नजर वळवली. तेवढ्यावरून मला कळलं.

"तुला माहीत होतं."

"वैजू, ऐकून घे—"

"तुला माहीत होतं आणि तू पेढे वाटलेस."

"मीच गेलो होतो नानांकडं," तो म्हणाला. "तू दुसऱ्या महिन्यात तीनदा उतार अर्ध्यावर सोडून आलीस. घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडलीस, दोन दिवस जेवली नाहीस. तुला आठवत नाही, मला आठवतं. मी नानांना म्हटलं, तिला एकदा उभी करा. एकदा खऱ्या विमानात बसली की तिचं तिला येईल. वीस वर्षं केलंय तिनं."

"आणि मागं झोपलेला माणूस?"

"यंत्र असतंय की मदतीला."

"उपग्रह गेला तर?"

"रोज कुठं जातोय?"

हा माणूस कास्टिंगमध्ये केसाएवढी भेग दिसली तरी आख्खा घाणा परत वितळवतो. गिऱ्हाइकाला भेगेचा माल देणं त्याला पाप वाटतं. मी त्याला तसं म्हणाले.  तो हळूच म्हणाला, "माल वितळवता येतो. बायको कशी वितळवू?" एरवी मी या वाक्यावर विरघळले असते. त्या दिवशी मला त्याचं प्रेम नकोसं झालं. कीव आणि प्रेम यांची अशी भेसळ करून कुणी मला पाजलीय, हे कळल्यावर घसा कडू झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना केंद्रात एकटेच होते. नेहमीचा इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, पॉलिश केलेले बूट. मला बघून त्यांनी खुर्ची पुढे केली. अफरीनने त्यांना सांगितलं असणार, कारण त्यांनी मी का आले ते विचारलं नाही.

"शिव्या घालणार असशील तर घाल," ते म्हणाले.

"शिव्या नको. मला शून्यावर उडायचंय."

"वैजू, तू दमलीयस. उद्या—"

"नाना, तुम्ही सख्ख्या पुतण्याला सोडलं नाहीत. मला का सोडलंत? माझ्यावर उपकार कशासाठी?"

त्यांनी खिशाचं पेन नीट केलं. मग म्हणाले, "पुतण्याला नापास केला तवा मला ठावं हुतं, ह्यो दुसरं कायतरी करंल. तुझं तसं न्हाई. तुझ्याजवळ दुसरं काय न्हाईच. टोपीतनं सगळं दिसतंय गं मला. सांभाळ खाली आणला की तुझं डोकं नुसतं भेनं भरून यायचं. पडद्यावर लाल दिसायचं. मला बघवंना." त्यांचा आवाज चिरकला. "माझ्या हातनं घडलेली सगळ्यात चांगली वैमानिक तू. ती अशी मोडलेली..."

"मग मला सांगायचं होतं की मी मोडलेय."

"कसं सांगू?"

"जसं बाकीच्यांना सांगता तसं! 'नापास' म्हणायचं. एक शब्द आहे."

नानांनी मान खाली घातली. गुरूला असं खाली मान घालून बसलेलं बघायला मी आले नव्हते, पण माझा राग जराही कमी झाला नाही. परक्याने फसवलं तर माणूस पोलिसांत जातो. इथं केसाने गळा कापणाऱ्यांनी आधी माझे केस मायेने विंचरले होते. मी टोपी चढवून आत जाऊन बसले.

नाना मागच्या पॅनेलवर बसले. खटका ओढल्याचा आवाज आला. "शून्य," ते म्हणाले.

मी उतरायला लागले आणि पहिल्या दोन मिनिटांत फरक कळला. वारा धक्के देत होता. विमान हातात जड लागत होतं, काटे वेड्यासारखे पळत होते. मी इतके दिवस ज्याला माझा हात समजत होते तो कुणाचा तरी दुसऱ्याचाच होता. पहिली पायरी कशीबशी धरली. दुसरीला ऐंशी फूट खाली घसरले, सावरले. कपाळावरून घाम डोळ्यांत येत होता. बत्तीसशेवर आले आणि हुश्श केलं. तेवढ्यात पडदा तांबडा झाला आणि खुर्चीने असा हिसका दिला की दात वाजले.

टेकडी. नॉब १०१३ वर होता. सगळं माहीत असून, कालपासून त्याच गोष्टीवरून दोन माणसांशी भांडून, मी मान खाली घातली नव्हती.

खरं सांगते, तो हिसका मला आवडला. चार महिन्यांत मला मिळालेली ती पहिली खरी गोष्ट होती.

"पुन्हा," मी म्हणाले.

"जरा पाणी पी."

"पुन्हा, नाना."

ते स्वतःच पाणी प्यायला उठले, पॅनेलपाशी थोडे रेंगाळले, परत बसले. मी नाक खाली केलं. या वेळी नऊ हजारांवरून निघतानाच मान घातली खाली. कॉकपिट हलकंसं फिरल्यासारखं वाटलं, दात आवळले, नॉब फिरवला आणि ओरडले, "नऊशे नव्याण्णव!" आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले. मग पायरी, पुढची पायरी, टेकडी. टेकडी खालून गेली. मिनिममला पन्नास फूट असताना ढग विरले आणि धावपट्टीचे दिवे दिसले, जरा डावीकडे, पण दिसले. चाकं टेकली. थोडी आपटली, पण टेकली.

मागून नानांचा सुस्कारा ऐकू आला. "झालं! बघ, झालं का न्हाई? हाय तुझ्यात ते. सोमवारी बिनघोर जा."

मी टोपी काढली नाही. टेकडी खालून गेली होती, हे मला आठवत होतं. पण तिला कुणी किंचित खाली दाबलं होतं का, हे मला कळायला काहीच मार्ग नव्हता. विमान आधीपेक्षा हलकं लागलं होतं का? वारा कमी होता का? की मीच सावध होते? दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो, पण त्याला निदान ताक कुठलं आणि दूध कुठलं ते दिसतं. मला तेही दिसत नव्हतं. आदळले ते खरं होतं, एवढीच एक गोष्ट मी छातीठोक सांगू शकत होते. उतरले ते खरं की खोटं, हे आता जन्मात कळणार नव्हतं. माझं उतरणं या दोन माणसांनी कायमचं नासवलं होतं.

"नाना, या वेळी खरंच शून्यावर होता?"

"शून्यावरच. आईशप्पत."

"पाणी प्यायला उठलात तेव्हा हात लावला नाहीत?"

"वैजू, शप्पत घेतली की आता."

मी वळून त्यांच्याकडे बघितलं. "मग सोमवारी माझ्याबरोबर चला. उजवीकडची खुर्ची रिकामीच असते. ढग आहेत, दाब कमी आहे. मी यंत्र बंद ठेवून उघडा उतार करते, रुग्ण घ्यायच्या आधी. जाताना विमानात आपण दोघंच. कशाला हात लावू नका, नुसतं बसा."

नानांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

"सोमवारी व्हय? सोमवारी जरा... सूनबाईच्या माहेरची माणसं येणार हायत."

"सकाळी जाऊन सकाळी परत येऊ."

"डॉक्टरनं बीपीची गोळी बदललीय. उडू नका म्हणालाय."

हेच नाना गेल्या रविवारी फ्लाइंग क्लबचं छोटं विमान घेऊन पन्हाळ्यावर दोन चकरा मारून आले होते. मला फोटोही पाठवला होता.  नाना बोटांनी पॅनेलवरची नसलेली धूळ झटकत राहिले.

मी फोन काढला आणि त्यांच्यासमोरच आमच्या कंपनीत उड्डाणं लावणाऱ्या खानविलकरांना लावला. स्पीकरवर ठेवला.

"खानविलकर, सोमवारचं चंदगड दुसऱ्या कुणाला द्या. माझं प्रमाणपत्र ग्राह्य धरू नका."

"काय म्हणताय कॅप्टन? आत्ता तर आलंय. सही आहे शिंत्रे सरांची. धरू नका असं कोण म्हणतं?"

मी फोन नानांच्या तोंडासमोर धरला.  त्यांनी नाही म्हणावं, माझ्या हातातून फोन हिसकावून घ्यावा, 'पोरगी उगाच घाबरलीय, ती जाईल आणि मी पण तिच्याबरोबर जाईन' असं त्या माणसाला ठणकावून सांगावं, एवढीच माझी इच्छा होती. तेवढं म्हणाले असते तर मी त्यांना सगळं माफ केलं असतं.

नाना ताठ बसले. घसा साफ केला. आणि ज्या आवाजाने त्यांनी अख्ख्या पिढीला घाम फोडला होता, तोच आवाज मला कितीतरी महिन्यांनी ऐकू आला.

"शिंत्रे बोलतोय. मी म्हणतो. ती नापास आहे."

फोन बंद झाला. नानांनी खुर्चीच्या पाठीला मान टेकवली. त्यांच्या चेहऱ्यावर मोठं ओझं उतरल्याची कळा होती, आणि त्यांनी ती माझ्यापासून लपवलीसुद्धा नाही. मी टोपी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि बाहेर पडले.